पाटी वाचतो कोण?

विधान: 'चालत्या बसमधून उतरू नये' अशी पाटी आगारानं प्रत्येक बसच्या दारावर लावली आहे.
गृहीतक १: काही प्रवासी चालत्या बसमधून उतरण्याची शक्यता आहे.
गृहीतक २: पाटी वाचून निदान काही प्रवासी तसं करणं टाळतील.

यातलं कोणतं गृहीतक विधानात अध्याहृत आहे? फक्त पहिलं, फक्त दुसरं, दोहोंपैकी एक, दोन्ही नाहीत, की दोन्ही? हा नमुना मी तयार केलेला आहे, पण बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्याला याची भावंडं कुठल्याही रिझनिंगच्या पुस्तकात भेटतील. 'विधान आणि गृहीतके' हे प्रकरण दिसायला सोपं आणि गुण खाण्यात पटाईत. गणित चुकलं तर कुठे चुकलं ते सापडतं. इथे उत्तरतालिका पाहिल्यावरही माणूस 'माझंच बरोबर होतं' म्हणत बसतो, आणि कधीकधी ते खरंही असतं.

खालचा वाद एका मामा-भाचीचा आहे. मामांनी साताऱ्याच्या कोर्टात दिवाणी वकिली केली. आता काळा कोट कपाटात आहे, जीभ अजून बाहेर आहे. भाची पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये रिझनिंग शिकवते. मी मध्ये बसून लिहून घेतलं, आणि राहवलं नाही तिथे नाक खुपसलं.

भाची: दोन्ही. पाचवा पर्याय. वीस सेकंदांत सुटायला हवा.

मामा: वीस सेकंदांत आमच्याकडे फक्त पुढची तारीख मिळते.

भाची: तुमच्याकडे चुकीच्या उत्तराला पाव गुण कापत नाहीत ना!

मामा: पहिलं मला मान्य आहे. कोणी उतरतच नसेल, उतरायची भीतीही नसेल, तर पाटी कशाला? पण दुसरं? आगारातल्या माणसाला जाऊन विचार. वरून परिपत्रक आलं, पेंटरला बोलावलं, गाड्यांवर रंगवून घेतलं, बिल पास झालं. कोणी वाचेल असं त्यानं स्वप्नातसुद्धा धरलेलं नाही. उद्या अपघात झाला तर 'आम्ही पाटी लावली होती' म्हणता यावं, एवढ्यासाठी ती पाटी.

भाची: तुम्ही त्या कारकुनाच्या डोक्यात शिरताय. प्रश्न त्याच्या डोक्याचा नाही. पाटी लावणं या कृतीला काही अर्थ यायचा असेल, तर काय धरून चालावं लागतं, एवढंच विचारलंय.

मामा: कृतीला अर्थ असतो, हे कोणी ठरवलं?

भाची: पेपर काढणाऱ्यानं.

मामा: हां. आता कशी साक्षीदारासारखी खरं बोललीस.

भाची: थांबा, मी अजून सुटले नाही. हे पाटी, सूचना, जाहिरात, आवाहन असले प्रश्न मला स्वतःलाही आवडत नाहीत. त्यांत मुळात युक्तिवादच नसतो. कोणी काही सिद्ध करत नाही, नुसतं काहीतरी करतं किंवा करायला सांगतं. खरा प्रश्न वेगळा असतो. अमेरिकेत लॉ स्कूलच्या प्रवेशासाठी १९४८ पासून एलसॅट घेतात. ऑगस्ट २०२४ पासून त्यातला कोड्यांचा विभाग काढून टाकला. आता गुण मोजले जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन निव्वळ तर्काचे आहेत, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे. तिथे 'बोलणाऱ्यानं काय धरलं असेल' असं विचारत नाहीत. हा युक्तिवाद पुढीलपैकी कशावर अवलंबून आहे, असं विचारतात. मी तुम्हाला त्या जातीचा एक देते.

मामा: दे. पण घड्याळ लावू नकोस.

भाची: 'एका वाडीत दारात नळ आल्यापासून शाळेतली मुलींची गैरहजेरी कमी झाली. म्हणून शेजारच्या वाडीतही दारात नळ दिले, तर तिथल्या मुलींची गैरहजेरी कमी होईल.' आता चार पर्याय. अ: शेजारच्या वाडीतल्या मुली पाणी भरण्यासाठी शाळा बुडवतात. ब: मुलींच्या गैरहजेरीचं एकमेव कारण पाणी भरणं हेच आहे. क: शेजारच्या वाडीत नळ देण्याइतके पैसे ग्रामपंचायतीकडे आहेत. ड: शाळेत जाणं मुलींच्या हिताचं आहे.

मामा: ड तर खरंच आहे.

भाची: म्हणूनच मुलं तिथे फसतात. खरं आहे, चांगलं आहे, आपल्याला पटतं, म्हणून टिक करतात. पण युक्तिवाद हिताबद्दल बोलतच नाही. गैरहजेरी कमी होईल, इतकंच म्हणतो. हिताचं नसलं तरी तो तसाच उभा राहतो. क मध्ये दुसरा सापळा आहे. पैसे नसले तर नळ येणार नाहीत हे खरं, पण वाक्यात 'दिले, तर' आहे. कोण देणार, कुठून देणार, ही काळजी त्या वाक्यानं घेतलेलीच नाही.

मामा: चांगला वकील आपला दावा असाच आखूड ठेवतो. जेवढं मागायचं तेवढंच मागायचं, म्हणजे तेवढंच शाबीत करावं लागतं.

भाची: बरोबर. आता ब. इथे मी नकाराची कसोटी शिकवते. पर्याय खोटा आहे असं धरा आणि मग युक्तिवादाकडे बघा. कोसळला, तर तो पर्याय त्याचा आधार होता. उभा राहिला, तर नव्हता. पण नकार म्हणजे टोकाची उलट बाजू नव्हे. 'सगळे पास झाले' याचा नकार 'सगळे नापास झाले' असा नाही. 'एक तरी नापास झाला' एवढाच. 'एकमेव कारण पाणी' याचा नकार 'पाण्याचा काही संबंध नाही' असा नाही. 'पाण्याखेरीज आणखीही कारणं आहेत' असा. धाकट्या भावंडाला सांभाळायचं, शेतावर जायचं. ही कारणं असली तरी नळामुळे गैरहजेरी थोडी कमी होऊच शकते. युक्तिवाद उभा. ब गेलं. राहिलं अ.

मामा: म्हणजे तुझं उत्तर अ.

भाची: अ.

मामा: अ खोटं धरतो. शेजारच्या वाडीत एकही मुलगी पाण्यासाठी शाळा बुडवत नाही. पाणी आया भरतात. पण त्या वाडीचं पाणी आडाचं आहे, गढूळ. दर पावसाळ्यात पोरींना जुलाब, आणि त्यापायी शाळा बुडते. दारात स्वच्छ पाण्याचा नळ आला, जुलाब थांबले, गैरहजेरी कमी झाली. अ खोटं, तरी तुझा निष्कर्ष खरा. आणि मुद्दाम बघ, तुझ्या विधानात पहिल्या वाडीत नळामुळे नक्की काय घडलं, याबद्दल अवाक्षर नाही. पाणी भरण्याची गोष्ट तू आणलीस, विधानानं नाही.

(इथे भाची थोडा वेळ गप्प होती. वर्गात हाच पर्याय गेला असता तर त्या दिवशी टेलिग्राम ग्रुपवर काय झालं असतं, याचा ती हिशेब करत असावी.)

भाची: बरं. पर्याय बदलते. 'शेजारच्या वाडीतल्या गैरहजेरीमागे निदान एक असं कारण आहे, जे दारात नळ आल्यानं कमी होईल.' आता जुलाब, पाणी भरणं, सगळं यात बसलं. आता पाडून दाखवा.

मामा: पडत नाही. पडणारच नाही. कारण हा तुझा निष्कर्षच आहे, फक्त टोपी बदलून आलेला. 'नळ आला तर गैरहजेरी कमी होईल' आणि 'गैरहजेरीमागे नळानं कमी होणारं काहीतरी आहे' यात फरक काय?

भाची: फार नाही. आणि ह्या प्रश्नांचं खरं दुखणं तिथेच आहे, मामा, हे मी वर्गात सांगत नाही. गृहीतक जितकं अचूक गरजेचं करत जावं, तितकं ते पोकळ होतं. अगदी घट्ट केलं की निष्कर्षाची पुनरुक्ती, आणि जरा सैल ठेवलं की तुमच्यासारखा कोणीतरी जुलाब घेऊन येतो.

मामा: मग तुझी कसोटी मोडीत काढ.

भाची: नाही. तुम्ही एक गोष्ट नजरेआड केलीत. अ खोटं धरून तुम्ही दाखवलंत की निष्कर्ष तरीही खरा असू शकतो. पण कसोटी निष्कर्षाची नाही, युक्तिवादाची आहे. हा पर्याय ऐका: 'पहिल्या वाडीतली गैरहजेरीतली घट सर्वस्वी दुसऱ्याच एखाद्या कारणानं झालेली नाही.' आता हे खोटं धरा. समजा, ज्या जूनमध्ये नळ आले त्याच जूनमध्ये तिथल्या मुलींना सायकली मिळाल्या, आणि सगळी घट सायकलींमुळे झाली. मग?

मामा: मग पहिल्या वाडीचा दाखला निकामी.

भाची: निकामी. शेजारच्या वाडीत नळानं गैरहजेरी कमी होईलही, तुमच्या जुलाबामुळे होईलही. पण ते 'पहिल्या वाडीत झालं, म्हणून' असं कोणाला म्हणता येणार नाही. 'म्हणून' हा शब्द उडाला. निष्कर्ष उभा असू शकतो, युक्तिवाद आडवा झाला.

मामा: हा पर्याय मी मान्य करतो. अगं, हे आमच्याकडे रोजचं आहे. पुराव्याच्या १८७२ च्या कायद्यात कलम ३ मध्येच तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या: शाबीत झालं, खोटं ठरलं, आणि शाबीत झालं नाही. नव्या वकिलाला पहिले दोनच दिसतात. समोरच्याचा साक्षीदार फोडला की त्याला वाटतं, दावाच खोटा ठरला. तसं नसतं. जमीन त्याचीच असेलही, फक्त ह्या साक्षीनं ती त्याची ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून कायद्याचं नाव बदललं, कलमांचे आकडे बदलले, हा भेद राहिला.

माझ्या मते सगळ्या वादातला सगळ्यात कामाचा भाग इथे येऊन गेला, आणि तो रिझनिंगच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. पर्याय पारखताना विद्यार्थी मनात म्हणतो, 'हे खोटं असलं तर शेवटचं वाक्य खोटं ठरेल का?' विचारायला हवं ते असं: 'हे खोटं असलं तर आधीचं वाक्य शेवटच्या वाक्याच्या उपयोगाचं राहील का?' एवढा एक बदल केला तर कित्येकांचे हुकणारे गुण हाती लागतील. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९५८ च्या 'द यूजेस ऑफ आर्ग्युमेंट' या पुस्तकात तर्कशास्त्रज्ञांना सुचवलं होतं की नमुना म्हणून गणिताकडे बघण्यापेक्षा न्यायालयाकडे बघा. त्याचं उदाहरण साधं आहे. हॅरीचा जन्म बर्म्युडातला, म्हणून हॅरी ब्रिटिश प्रजाजन. दोहोंना जोडणारी न बोललेली ओळ अशी की बर्म्युडात जन्मलेले लोक सर्वसाधारणपणे ब्रिटिश प्रजाजन असतात. आणि तिच्याही शेपटीला 'आईबाप परके नसतील तर' हा अपवाद. परीक्षेला त्या शेपटीचं वावडं असतं. तिला हो किंवा नाही हवं.

मामा: तेच माझं म्हणणं. तुझ्या पाच पर्यायांत 'परिस्थिती बघून' हा पर्याय कुठे आहे? कायदा गृहीत धरण्याच्याही पायऱ्या करतो. कोर्ट गृहीत धरू शकेल, कोर्ट गृहीत धरील, आणि तिसरी म्हणजे निर्णायक पुरावा, त्यापुढे बोलायचंच नाही. जुन्या कायद्याचं कलम ११४ आम्हाला पाठ असायचं. चोरीचा माल चोरीनंतर लगेच एखाद्याकडे सापडला, आणि कुठून आला ते त्याला सांगता येईना, तर तो चोर आहे किंवा चोरीचा आहे हे माहीत असून त्यानं तो घेतला, असं कोर्ट धरू शकेल. पण लगेच खाली कायदाच म्हणतो की दुकानदाराच्या गल्ल्यात खूण केलेला रुपया सापडला, चोरीनंतर लगेच सापडला, आणि तो कोणी दिला हे त्याला सांगता येत नाही. पण त्याच्या गल्ल्यात दिवसभर रुपये येतच असतात. हेही कोर्टानं लक्षात घ्यावं. तोच रुपया, तीच चोरी. गृहीत धरायचं की नाही, ते गल्ला कोणाचा यावर ठरतं. तुझ्या पेपरात हा रुपया आला तर काय करशील?

भाची: 'वरीलपैकी नाही' ठेवीन आणि हरकती मोजत बसेन.

मामा: हसू नकोस.

भाची: हसत नाही. दीड-दोन लाख उत्तरपत्रिका मशीनवर तपासायच्या असतील, तर गल्ला कोणाचा हे विचारता येत नाही. म्हणून पेपर काढणारा मुद्दाम अशी विधानं निवडतो की जिथे परिस्थितीला जागा नाही. निदान चांगला पेपर काढणारा तसं करतो.

मामा: आणि वाईट?

भाची: वाईट पाटी लावतो.

मामा: बघ, पाटीवर आलीसच. मी तुला वेगळाच मासला देतो. बांधाचे दावे आयुष्यभर चालवले. उलटतपासणीत समोरच्या शेतकऱ्याला विचारायचं, 'तुम्ही बांध कोरायचं कधी बंद केलंत?' बिचारा म्हणतो, 'मी बंदच केलेलं नाही,' कारण त्याला 'मी कोरतच नाही' म्हणायचं असतं आणि तोंडातून भलतंच निघतं. न्यायाधीश जागे असतील तर प्रश्न गाळायला लावतात. पण यात गृहीतक आहे की नाही? 'याआधी तो बांध कोरत होता.'

भाची: आहे. पण हे तिसरंच आहे. इथे माझी कसोटी लावायचीच नाही, उलटी लावायची. 'त्यानं बांध कोरणं बंद केलं': याआधी कोरत होता. 'त्यानं बांध कोरणं बंद केलं नाही': तरीही याआधी कोरत होताच. विधानाला नकार दिला तरी गृहीतक जागचं हलत नाही, हीच त्याची ओळख. नळाच्या प्रश्नात मी गृहीतकाला नकार दिला आणि युक्तिवाद पडला. इथे विधानाला नकार द्यायचा आणि गृहीतक टिकतं का बघायचं. मुलं दोन्हींची खिचडी करतात, कारण दोन्हींवर एकच लेबल लावलंय.

मामा: आणि पाटीचं कोणतं?

भाची: तिथेच घोडं अडतं. पाटीला नकार द्यायचा तर काय म्हणायचं? 'उतरावे'?

मामा: (हसून) काही ठिकाणी तेच चालतं.

भाची: पाटीत युक्तिवाद नाही म्हणून पहिली कसोटी नाही, आणि विधान नाही म्हणून दुसरी नाही. मग पुस्तकं 'सूचना देणारा सूचना पाळली जाईल असं धरतोच' असा नियम सांगतात आणि मोकळी होतात. मुलं नियम पाठ करतात. त्यात तर्क किती, ते मला विचारू नका.

मामा: थांब. देवदत्त आठवतोय का तुला? आपल्या घरी आठल्ये-बोडसांची तर्कसंग्रहाची आवृत्ती होती, मुंबईला १८९७ साली निघालेली. तुझे आजोबा त्यावरून शिकवायचे.

भाची: मला फक्त तिचा वास आठवतो.

मामा: तर्कसंग्रहावर अन्नंभट्टानं स्वतःच लिहिलेल्या दीपिका टीकेत आहे हा देवदत्त, मूळचा मीमांसकांचा. देवदत्त लठ्ठ आहे. देवदत्त दिवसा काही खात नाही. दोन्ही आपल्याला पक्कं ठाऊक आहे, आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. जुळायला एकच वाट आहे, ती म्हणजे तो रात्री खात असला पाहिजे. मीमांसक याला अर्थापत्ती म्हणतात आणि स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक म्हणतात, वेगळं काही नको, हे अनुमानच. तो वाद सोड. पण पाहिलंस का? इथे कोणी काही सिद्ध करायला निघालेलं नाही. समोर एक गोष्ट आहे, ती एरवी जुळत नाही, म्हणून न दिसणारी दुसरी धरावी लागते.

भाची: मामा, ही तर माझी पाटी आहे!

मामा: कुठली?

भाची: पाटी लावलेली आहे, हे समोर दिसतंय. पैसे घालून, रंग लावून लावलीय. पाटीनं कोणावर काडीचा परिणाम होणार नाही असं धरलं, तर ती लावणं जुळत नाही. म्हणून निदान कोणीतरी वाचेल, टाळेल, हे धरावं लागतं. इतकी वर्षं मी मुलांना नियम सांगतेय, आणि तुम्ही मला त्याचं कारण दिलंत. वर तुम्ही तर विरुद्ध पक्षाचे!

मामा: अगं, पण देवदत्ताला थायरॉइड असेल तर? रात्री न जेवताही माणूस फुगतो. तसाच माझा आगारातला कारकून. पाटी लावणं जुळवायला दुसरी वाट आहे ना, परिपत्रक! अर्थापत्ती तेव्हाच बसते, जेव्हा बाकीच्या सगळ्या वाटा बंद असतात.

भाची: दीपिकेत थायरॉइड नाही आणि माझ्या पेपरात तुमचा कारकून नाही. दोन्हीकडे कोणीतरी वाटा आधीच बंद करून ठेवल्यात.

मामा: कोणी, ते सांग. मीमांसकानं निदान उघड वाद घातला. नैयायिकांची शिस्त तर आणखी कडक. 'धूर आहे म्हणून विस्तव आहे' चालेल म्हणतात. पण उलटं म्हणून बघ, 'विस्तव आहे म्हणून धूर आहे'. लगेच अडवतील, ओलं सरपण होतं का? ओल्या सरपणाशिवाय विस्तवाचा धूर होत नाही. तुझ्या स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असतो, धूर कुठाय? ह्या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात, आणि ती सापडली की अनुमान बाद. तुझ्या मुलांना मी एवढंच शिकवलं असतं: प्रत्येक वाक्यात ओलं सरपण शोधा.

भाची: ते शिकवते की! नळाच्या प्रश्नात सायकली म्हणजे दुसरं काय होतं?

मामा: मग पाट्या का शिकवतेस?

भाची: पेपरात येतात म्हणून. आणि दुसरं असं, की उद्या ही मुलं ज्या खुर्चीवर बसणार, तिथे त्यांच्यापुढे युक्तिवाद येत नाहीत. अर्ज येतात. 'माझ्या घरासमोर गटार तुंबले आहे, तरी नोंद घ्यावी.' पुढे काही नाही. गटार पंचायतीचं आहे, ते साफ करणं पंचायतीचं काम आहे, अर्ज दिल्यावर कोणीतरी येईल, हे सगळं त्या म्हाताऱ्यानं धरलंय, लिहिलेलं नाही. तुमच्या पद्धतीनं वाचलं तर उत्तर जाईल की 'आपण नोंद घेण्याची विनंती केली होती, नोंद घेतली आहे.' माणूस जे बोलला त्याला अर्थ आहे असं धरूनच वाचावं लागतं. बँकेच्या खिडकीवर तर पहिल्या दिवसापासून.

इथे मामा पहिल्यांदा लगेच बोलले नाहीत. माझं मत विचाराल तर भाचीचा हा मुद्दा वजनदार आहे, पण त्यानं पाटीचा प्रश्न वाचत नाही. चांगल्या मनानं वाचणं हा गुण आहे. तो पाच पर्यायांत मोजता येतो, हे मला पटत नाही. आणि मोजायचाच असेल तर त्याला तर्काची परीक्षा म्हणू नये.

संघ लोकसेवा आयोगाच्या सीसॅटमध्ये तर ही सरमिसळ आणखी गडद होते. २०११ मध्ये हा पेपर आला आणि २०१५ पासून तो फक्त पात्रतेपुरता उरला. २०० पैकी ६६ गुण हवेत. प्रत्येक प्रश्न अडीच गुणांचा, म्हणजे एकही न चुकता २७ प्रश्न. चुकला की त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण वजा. त्यात उतारा देऊन 'वरील उताऱ्यावरून पुढील गृहीतके केली आहेत, त्यांपैकी वैध कोणती' असे प्रश्न हमखास येतात. उतारा असतो हवामानबदलावर नाहीतर शेतीधोरणावर, आणि दोन्ही गृहीतकं शहाण्या माणसाला पटण्यासारखी असतात. पूर्व परीक्षा मराठीतून देता येत नाही. ते उतारे इंग्रजीतून किंवा हिंदीतूनच वाचावे लागतात. आयोगाची उत्तरतालिका वर्षानुवर्षं सगळी प्रक्रिया संपल्यावर यायची. तोवर प्रत्येक क्लासची आपली तालिका, आणि नेमके हेच प्रश्न सगळ्या तालिकांत वेगवेगळे. ज्या प्रश्नावर शिकवणाऱ्यांचंच एकमत होत नाही, तिथे विद्यार्थ्यानं नक्की काय शिकायला हवं होतं?

मामा: तुमच्या क्लासच्या दारावर एक फ्लेक्स बघितला मी. मागच्या वर्षी निवड झालेल्यांचे फोटो, खाली 'यंदा तुमचा नंबर'. तो वीस सेकंदांत सोडव.

भाची: तो मी लावलेला नाही.

मामा: कारकून पण हेच म्हणतो.

भाची: बरं, सोडवते. दाखला काय, तर ही मुलं निवडली गेली आणि ती आमच्या क्लासची. निष्कर्ष, तुम्ही इथे आलात तर तुम्हीही निवडले जाल. मधली ओळ: त्यांच्या निवडीत क्लासचा काही वाटा होता. हे खोटं धरलं तर फ्लेक्स आडवा.

मामा: ओलं सरपण?

भाची: 'आमच्या क्लासची' यात आहे. दोन वर्षं बसून शिकली, की शेवटी फुकटच्या मॉक इंटरव्ह्यूला एक दिवस येऊन गेली? फोटो दोघांचेही सारखेच छापतात. तोच चेहरा रस्त्याच्या पलीकडच्या फ्लेक्सवरही असतो.

मामा: आणि त्यावर कायद्यानं हात घातलाय, ते माहितीये ना? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी उमेदवारानं कोणता कोर्स केला, किती काळाचा, पैसे भरून की नाही, हे जाहिरातीत सांगायचं. त्याच्या आधीपासून दंड चालूच होते, आणि बऱ्याच आदेशांत हेच निघालं की फोटोतल्या पुष्कळांनी फक्त मुलाखतीचं फुकट मार्गदर्शन घेतलं होतं. बघ, कोणी खोटं छापलेलं नव्हतं. वाचणारा आपल्या मनानं मधली ओळ भरणार, हे छापणाऱ्याला ठाऊक होतं. ती ओळ आता छापायला लावली.

भाची: म्हणजे गृहीतक वाचणाऱ्याचं, आणि वाचणारा ते धरेल हे गृहीतक छापणाऱ्याचं. एकावर एक. ह्याचा प्रश्न झकास होईल. 'जाहिरात कशावर अवलंबून आहे?' असं विचारलं तर एक उत्तर, 'जाहिरातदारानं काय धरलं आहे?' असं विचारलं तर दुसरं. दोन्ही एकाच पेपरात लागोपाठ टाकते, म्हणजे मुलांना फरक कळेल.

मामा: पहिल्याचं उत्तर कोणतं ठेवशील?

भाची: 'दाखवलेल्या उमेदवारांचं यश सर्वस्वी क्लासबाहेरच्या कारणांनी मिळालेलं नाही.'

मामा: आणि कोणी म्हणालं, जाहिरात अवलंबून आहे ती फक्त फोटो ओळखीचे वाटण्यावर? लोक 'म्हणून' वाचतच नाहीत, चेहरे बघतात आणि फी भरतात?

भाची: तो पर्याय पाच म्हणून ठेवते. चूक.

मामा: मी हरकत घेणार.

भाची: घ्या. प्रत्येक हरकतीला शुल्क आहे.

मामा: मान्य झाली तर परत मिळतं ना?

भाची: ते तुम्ही गृहीत धरलंत.